तिकिटाचे पैसे परत : १८९० चं कलम आणि अण्णांचे ६४० रुपये

गेल्या आठवड्यात जुने कागद आवरताना एक झेरॉक्स सापडली. रेल्वेच्या एका कार्यालयाचं छापील पत्र. वर दावा क्रमांक, खाली शिक्का, मधे एका ओळीत नकार. पत्र माझ्या नावाचं नाही, आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या अण्णांच्या नावाचं आहे. पण त्या पत्रामागचा अर्ज मी लिहिला होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अण्णांना खोटी आशा मीच लावली होती. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण रेल्वेनं जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी संबंधित आहे. वेळ काढून वाचा.

तर झालं असं. जानेवारी २०१९. रात्रीची दहाच्या आतली गाडी, मुंबईला जायचं. मी माझ्या कामासाठी निघालो होतो, अण्णा काकूंना घेऊन दवाखान्यात निघाले होते. सकाळी नऊची वेळ मिळाली होती, तीही दोन महिने थांबून. अण्णांकडे खिडकीवर रांग लावून काढलेली स्लीपरची दोन तिकिटं, ६४० रुपयांची. माझं तिकीट मोबाईलवर.

गाडी आधी चाळीस मिनिटं उशिरा, मग दीड तास, आणि साडेअकराला बोर्डावर चार तासांचा आकडा आला. म्हणजे दवाखान्याची वेळ गेलीच. अण्णांनी ठरवलं, स्टँडवर जाऊन बारा-साडेबाराची मुंबई एसटी पकडायची. मी म्हणालो, "जावा बिनधास्त. गाडी तीन तासांच्या वर लेट असली की सगळे पैसे परत मिळतात, नियमच आहे. परत आल्यावर खिडकीवर तिकीट द्या फक्त."

माझं काम दुसऱ्या दिवशीही चाललं असतं, म्हणून मी घरी परतलो. जाण्याआधी तिथंच बाकावर बसून मोबाईलवर टीडीआर भरला. टीडीआर म्हणजे तिकीट डिपॉझिट रिसीट, परताव्याच्या दाव्याचा कागद. कारणांच्या यादीत 'गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा' निवडलं, बटण दाबलं. काही आठवड्यांनी पूर्ण पैसे खात्यात जमा.

अण्णा तिसऱ्या दिवशी परत आले आणि खिडकीवर गेले. क्लार्क म्हणाले, "गाडी सुटायच्या आत तिकीट जमा करायला पाहिजे होतं."

अण्णा म्हणाले, "साहेब, खिडकी आठला बंद झालीती की."

"मग स्टेशन मास्तरला द्यायचं."

अण्णा त्या रात्री स्टेशन मास्तरांकडेही डोकावले होते. मास्तर एकटे ड्युटीवर, दोन्ही बाजूंनी मालगाड्या. ते म्हणाले होते, "बाबा, मी सिग्नल सोडून तिकीट बघत बसू का? सकाळी बुकिंगला या." माणूस चुकीचं बोलला नव्हता. पण सकाळी अण्णा मुंबईत दवाखान्याच्या रांगेत होते.

शेवटी त्याच दिवशी दुपारच्या पाळीतल्या दुसऱ्या क्लार्कनी टीडीआर फाडून दिला. तेच स्टेशन, तीच खिडकी, तोच नियम. सकाळचा माणूस नाही म्हणाला, दुपारचा हो म्हणाला. अर्ज मुख्यालयाला गेला. चार महिन्यांनी उत्तर आलं : गाडी सुटण्यापूर्वी तिकीट जमा केल्याचा पुरावा नाही, सबब दावा अमान्य.

गाडी लेट होती की नाही, यावर वादच नव्हता. ते त्यांच्याच संगणकात होतं. एकाच गाडीचे, एकाच रात्री, एकाच कारणानं न बसलेले आम्ही दोघे प्रवासी. एकाला पूर्ण पैसे, एकाला शून्य. हे असं का होतं, ते शोधायला मी मागं मागं वाचत गेलो आणि थेट १८९० पर्यंत पोचलो.

आता इतिहास.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण तेव्हाच्या तिकिटाबद्दल कुणी फारसं सांगत नाही. आपण लहानपणी बघितलेलं ते पुठ्ठ्याचं छोटं जाड तिकीट आठवतंय का? त्याला एडमंडसन तिकीट म्हणायचे. थॉमस एडमंडसन हा इंग्लंडमधला रेल्वेचा नोकर. १८३० च्या दशकाच्या शेवटी त्यानं ही पद्धत काढली. प्रत्येक तिकिटावर आधीच छापलेला क्रमांक, आणि विकताना तारखेचा ठोका. दिवस संपला की शेवटचा क्रमांक बघायचा, किती तिकिटं गेली ते कळलं, तेवढे पैसे क्लार्कनं मोजून द्यायचे.

म्हणजे हे तिकीट प्रवाशाच्या सोयीचं होतंच, पण क्लार्कच्या हिशेबावर लक्ष ठेवायलाही होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण विकलेलं तिकीट परत घेणं म्हणजे त्या सरळ हिशेबात खोडाखोड, आणि खोडाखोड झाली की संशय येतो.

त्या काळात रेल्वे एक नव्हती. जीआयपी वेगळी, बीबीसीआय वेगळी, सदर्न मराठा वेगळी, बार्शी लाइट वेगळी, कोल्हापूर दरबारची आणखी वेगळी. एवढ्या कंपन्यांना एका दोरीत बांधणारा कायदा आला १८९० साली. भारतीय रेल्वे अधिनियम, १८९०. त्याचं ६७ वं कलम मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. त्याचा सारांश असा : तिकीट दिलं जातं ते गाडीत जागा असेल या अटीवर. तिकीट असूनही गाडीत जागा मिळाली नाही, तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत केल्यावर प्रवाशाला भाडं ताबडतोब परत मिळण्याचा हक्क आहे. आणि वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसावं लागलं, तर दोन्ही भाड्यांमधला फरक परत मिळण्याचा हक्क आहे.

'ताबडतोब' आणि 'हक्क' हे दोन शब्द बघा. हा गोऱ्या सरकारनं, गोऱ्या कंपन्यांसाठी केलेला कायदा. त्यात 'अर्ज करावा, सक्षम अधिकारी विचार करतील' ही भाषा नाही. तिकीट द्या, पैसे घ्या.

त्याच कायद्याचं ६३ वं कलम सांगतं की प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती माणसं बसतील ते रेल्वेनं ठरवायचं आणि तो आकडा तिथं दिसेल असा लिहायचा. म्हणजे 'जागा नाही' हे मोजायचं मापसुद्धा डब्यावरच लिहिलेलं. कागदावर याहून चोख काय पाहिजे?

आता प्रत्यक्षात काय होत होतं ते बघू. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. तिकिटाला पडले १३ रुपये ९ आणे. डब्यावर लिहिलं होतं २२ प्रवासी. पुण्यापर्यंत आकडा त्याच्या वर गेला नाही, तोही आत बसलेल्या धीट लोकांनी दार अडवून धरलं म्हणून. रायचूरनंतर गर्दी आवरेना. बहुतेक वाटभर पस्तिसाच्या आसपास माणसं, काही खाली घाणीत पडलेली, काही उभी. आणि रेल्वेचे नोकर डब्याशी यायचे ते आणखी माणसं आत ढकलायला, असं गांधीजींनी स्पष्ट लिहिलंय.

आता त्या तेविसाव्या प्रवाशाचा विचार करा. कायद्यानं त्याला हक्क होता : जागा नाही, पैसे परत. पण तो वापरायचा कसा? गाडी सोडायची, खिडकीवर जायचं, आणि ज्या रेल्वेचा माणूस आपल्याला आत ढकलत होता त्याच रेल्वेच्या दुसऱ्या माणसाला सांगायचं की जागा नव्हती. तो म्हणणार, होती की, बाकीचे गेले नाहीत का? डब्यावरच्या २२ आकड्याचा साक्षीदार कोण? गाडी तर निघून गेली.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथं आहे. हक्क प्रवाशाचा, पण हक्काचा पुरावा रेल्वेच्या नोकराच्या तोंडी. त्यानं 'होय' म्हटलं तर पैसे, 'नाही' म्हटलं तर घरी. १९१७ पासून आजपर्यंत गाड्या बदलल्या, इंजिनं बदलली, हे बदललं नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात आली. स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला, त्याला दुसरा म्हणायला लागले. कंपन्या गेल्या, पण नियमांचं जाडजूड पुस्तक राहिलं. इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन नावाच्या रेल्वेंच्या संघटनेचं हे कोचिंग टॅरिफ. भाडं, सामान, पास, परतावा, सगळं त्यात. सामान्य प्रवाशानं ते पुस्तक कधी हातात घेतलं नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला जेवढं पाठ तेवढाच नियम.

माझे मामा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. अण्णांचं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, जरा रागातच. म्हटलं, "मामा, तुमची माणसं अशी का वागतात? सकाळचा नाही म्हणतो, दुपारचा हो म्हणतो."

मामांनी चष्मा काढला, पत्र वाचलं आणि म्हणाले, "हे बघ. मी चुकून कुणाला रिफंड दिला, तर सहा महिन्यांनी अकाउंट्सवाल्यांचं एरर शीट यायचं. माझ्या नावावर डेबिट. पगारातून कट. आणि चुकून नाकारला तर? काही नाही. कुणी विचारत नाही. मग सांग, शंका आली तर मी काय करणार?"

मी गप्प बसलो. इतकी वर्षं मला वाटायचं की खिडकीवरचा माणूस उर्मट असतो म्हणून नाही म्हणतो. असतातही काही. पण खरं कारण हे आहे. देण्याची चूक त्याच्या खिशातून जाते, न देण्याची चूक प्रवाशाच्या खिशातून. अशा व्यवस्थेत देवमाणूस बसवला तरी तोही हळूहळू 'नाही' शिकतो. सकाळच्या क्लार्कनी स्वतःला सांभाळलं, दुपारच्यांनी थोडी जोखीम घेतली. दोघांनाही मी दोष देत नाही. एडमंडसनच्या तिकिटापासून चालत आलेला तो हिशेबच तसा आहे.

मामा पुढे म्हणाले, "टीडीआर म्हणजे काय, माहितीय? मला निर्णय घ्यायचा नाही, वरच्यांनी घ्यावा, याची ती पावती." वरच्यांना खरंच अधिकार असतात. बंद, आंदोलन, पूर अशा वेळी, किंवा प्रकरण तसं असेल तर वाणिज्य विभागाचे मोठे अधिकारी नियम थोडा वाकवून परतावा देऊ शकतात. पण त्यांच्यापुढे माणूस नसतो, कागद असतो. काकूंची नऊची वेळ कागदावर दिसत नाही.

आता कायद्याकडे परत. १८९० चा कायदा शंभर वर्षं चालला. त्याच्या जागी रेल्वे अधिनियम १९८९ आला आणि तो १ जुलै १९९० पासून लागू झाला. त्यात खालच्या वर्गात बसावं लागलं तर फरक परत मिळण्याचा हक्क कलम ५१ मध्ये टिकला. पण जुन्या ६७ मधलं ते 'तीन तासांत तिकीट द्या, ताबडतोब पैसे घ्या' त्या रूपात उरलं नाही. तिकीट रद्द करण्यासाठी कलम ५२ आलं. त्याचा अर्थ एवढाच की रेल्वे तिकीट रद्द करील आणि नियमांनी ठरवलेली रक्कम परत देईल. किती, कधी, कुणाला, हे सगळं नियमांवर सोडलं. कायदा बदलायला संसद लागते. नियम बदलायला अधिसूचना पुरते.

आणि नियम कसे बदलत गेले ते बघा. हे आपण स्वतःहून तिकीट रद्द करतो त्याबद्दल आहे, हे ध्यानात घ्या. १९९८ चे नियम होते त्या काळात, जून २०१३ पर्यंत, गाडी सुटून गेल्यावरसुद्धा आरक्षित तिकिटाचे निम्मे पैसे मिळायचे. २०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ३ तास, ५०० पर्यंत ६ तास, त्यापुढे १२ तास एवढी मुदत असायची. ट्रॅफिकमध्ये अडकलात, घरी कुणी आजारी पडलं, तरी निम्मे तरी हाताला लागायचे. १ जुलै २०१३ पासून ही मुदत सरसकट २ तासांवर आली. आणि १२ नोव्हेंबर २०१५ पासून नवे नियम लागले : ४८ तासांच्या आत २५ टक्के कपात, १२ तासांच्या आत ५० टक्के, आणि सुटण्याआधी ४ तासांपासून पुढे कन्फर्म तिकिटाला काहीच नाही. म्हणजे दोन-अडीच वर्षांत 'सुटल्यावर १२ तास' पासून 'सुटण्याआधी ४ तास' पर्यंत आलो. रेल्वेचं म्हणणं असं की दलाल तिकिटं अडवून ठेवतात आणि ऐनवेळी रद्द करतात, त्यांना चाप बसवायचा. त्यात तथ्य आहे. पण दलालासाठी फिरवलेली काठी रात्री ताप आलेल्या पोराच्या बापालाही लागते.

इथपर्यंत 'आपल्या' कारणानं रद्द केलेलं तिकीट. आता 'रेल्वेच्या' कारणाचं. गाडी तीन तासांवर लेट, एसी बंद, वरच्या वर्गाचं तिकीट पण खालच्या डब्यात पाठवलं. या सगळ्यांना परतावा आहे, पण प्रत्येकाला एक शेपूट आहे. एसी बंद पडला तर भाड्यातला फरक मिळतो, पण गाडीतल्या टीसीनं एसी बंद असल्याचं प्रमाणपत्र दिलं तरच. ई-तिकीट असेल तर गाडी उतरायच्या स्टेशनात पोचल्यापासून २० तासांत टीडीआर भरायचा आणि ते मूळ प्रमाणपत्र पोस्टानं पाठवायचं. आता टीसी प्रमाणपत्र लिहायला राजी असेल, त्याच्याकडे पावतीपुस्तक असेल, आणि मधेच त्याची ड्युटी बदलून तो उतरून गेला नसेल, तर तुमचा हक्क शाबूत. डबा रात्रभर तापलेला होता हे डब्यातल्या सत्तर माणसांनी सांगून चालत नाही.

आणि दाद मागायची कुठं? १९८७ च्या कायद्यानं रेल्वे दावा न्यायाधिकरण आलं, नोव्हेंबर १९८९ मध्ये सुरू झालं. अपघातातल्या मृत्यूची भरपाई, हरवलेल्या मालाची भरपाई आणि तिकिटाचा परतावा, तिन्ही एकाच दारात. दुसऱ्या न्यायालयांना त्या बाबतीत मज्जाव. ६४० रुपयांसाठी अण्णांनी मुंबईच्या किंवा नागपूरच्या खंडपीठापुढे जायचं. जाण्या-येण्याचं तिकीटच तेवढं होतंय.

तरी काही जिद्दी माणसं गेली. कोट्याच्या एका अभियंत्यानं एप्रिल २०१७ मध्ये जुलैच्या प्रवासाचं तिकीट काढलं. ते रद्द केलं जीएसटी लागू व्हायच्या आधी, तरी ६५ च्या ऐवजी १०० रुपये कापले. ३५ रुपये जास्त. हा माणूस माहिती अधिकाराचे अर्ज टाकत राहिला. २०१९ मध्ये ३३ रुपये आले, उरलेल्या २ रुपयांसाठी तो २०२२ पर्यंत भांडला. त्याच्या पाठपुराव्यामुळे त्याच्यासारख्या जवळजवळ तीन लाख प्रवाशांचे पैसे परत करायचं ठरलं. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ मध्ये ७० च्या जागी ९० रुपये घेतले होते, त्यांना ग्राहक न्यायालयात बावीस वर्षांनी न्याय मिळाला. या गोष्टी आपण कौतुकानं फॉरवर्ड करतो. मला मात्र वाटतं, वीस रुपयांचा न्याय बावीस वर्षांनी मिळत असेल तर ते त्या माणसाचं मोठेपण आहे, व्यवस्थेचं नाही.

एक निकाल मात्र खरंच मोलाचा आहे. ११ जून २०१६ ला अजमेर-जम्मू गाडी सकाळी ८.१० ऐवजी दुपारी बाराला जम्मूत पोचली. एका कुटुंबाचं बाराचं श्रीनगरचं विमान चुकलं. रेल्वेनं तेच जुनं कोचिंग टॅरिफ पुढे केलं : नियम ११४ आणि ११५ प्रमाणे गाडीच्या उशिराला आम्ही जबाबदार नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये ते ऐकलं नाही. उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणानं झाला हे रेल्वेनं सिद्ध केलं पाहिजे, नाहीतर भरपाई द्यावी लागेल, असं सांगितलं. त्या कुटुंबाला टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगचे १० हजार, मनस्ताप आणि खर्चापोटी प्रत्येकी ५ हजार मंजूर झाले.

मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. पुराव्याचं ओझं कुणी उचलायचं, हे त्या निकालात उलटं झालं. १९१७ चा तेविसावा प्रवासी आणि २०१९ चे अण्णा, दोघेही तिथंच अडकले होते.

आता म्हणाल, एवढी मोठी रेल्वे, रोज कोट्यवधी माणसं, प्रत्येकाचं कसं बघणार? तर उत्तर रेल्वेनंच देऊन ठेवलंय. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट आलं, २००५ मध्ये ई-तिकीट. आता गाडी रद्द झाली की ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाची सही लागत नाही, कुणाच्या पगारातून डेबिट पडत नाही. १८९० चा 'ताबडतोब' शब्द तिथं परत जिवंत झाला. फक्त ज्यांच्याकडे मोबाईल आणि खातं आहे त्यांच्यासाठी. खिडकीवरच्या तिकिटाला अजून खिडकीच.

आणि मुदतींचं म्हणाल, तर मार्च २०२० आठवा. कोरोनात गाड्या थांबल्या, तेव्हा तीन दिवसांच्या मुदती आधी महिना-दीड महिना, मग तीन महिने, सहा महिने आणि शेवटी नऊ महिन्यांपर्यंत वाढवल्या. बरोबरच केलं, त्याबद्दल आभारच मानायचे. पण त्यातून एक कळलं. तीन दिवस काही दगडावर कोरलेले नाहीत. मनावर घेतलं तर तीन दिवसांचे नऊ महिने होतात.

मग मागणी काय? माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक, जे रेल्वेला स्वतःला माहीत आहे त्याचा पुरावा प्रवाशाकडे मागू नये. गाडी किती लेट होती ते रेल्वेच्या संगणकात आहे. प्रवासी गाडीत बसला की नाही, हे आता टीसीच्या हातातल्या यंत्रावर नोंदवलं जातं. दोन्ही जोडा. लेट गाडीत न बसलेल्याचे पैसे आपोआप द्या, तिकीट मोबाईलचं असो की खिडकीचं. खिडकीच्या फॉर्मवर मोबाईल नंबर घेताच की.

दोन, चुकून दिलेल्या परताव्याचं डेबिट जसं क्लार्कच्या नावावर पडतं, तशी चुकून नाकारलेल्या परताव्याचीही कुठंतरी नोंद व्हावी. त्याच्या पगारातून कापा असं मी म्हणत नाही. निदान मोजा तरी. मोजलं की वरच्यांना दिसेल.

तीन, परताव्याचे नियम खिडकीच्या बाहेर, मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. खिडकी बंद असताना तिकीट कुणाकडे जमा करायचं, त्या माणसाचं पद त्यावर लिहा. आतल्या माणसाला जेवढं पाठ तेवढाच नियम, हे आता पुरे.

आणि ते होईपर्यंत आपण काय करायचं? खिडकीचं तिकीट असेल आणि गाडी तीन तासांवर लेट असेल, तर स्टेशन सोडण्याआधी टीडीआर मागा. नाही म्हणाले तर तक्रार पुस्तकात वेळ घालून लिहा आणि पानाचा फोटो काढा. १३९ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. एसी बंद असेल तर टीसी बदलायच्या आत प्रमाणपत्र घ्या. मुदती आणि टक्के बदलत असतात, ते त्या त्या वेळी तपासून घ्या, माझ्या पोस्टवर विसंबू नका. मी एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते वर वाचलंच.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशी मी अण्णांना ६४० रुपये द्यायला गेलो. चूक माझीच होती. मोबाईलचा नियम मला माहीत होता, तोच खिडकीला लागतो असं मी गृहीत धरलं होतं. अण्णांनी पैसे घेतले नाहीत. दुधाची किटली सायकलला अडकवत म्हणाले, "तुमी कशाला देताय सर? गाडी काय तुमची हाय?"

मला उत्तर सुचलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. स्टेशनचं, माणसाचं नाव नको. तारीख, तिकीट खिडकीचं की मोबाईलचं, आणि काय उत्तर मिळालं, एवढं पुरे. वीस-पंचवीस अनुभव जमले तरी ते एकत्र टाइप करून आपल्या खासदारांना देऊ. एकट्या अण्णांचा कागद बाजूला ठेवणं सोपं गेलं, पंचवीस जणांचा तितका सोपा जाणार नाही.